पोलिनाला आणायला गेलो, त्याची हकीकत

इंदिरानगरात सकाळी फिरायला जाणारी आमची चार टाळकी आहेत. मी परत आल्यापासून त्यांचा एकच धोशा, रशियाचं सांगा, रशियाचं सांगा. मी म्हणतो, थंडी होती. तेवढ्यावर त्यांचं भागत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं तपासलंत, आता स्वतःचं लिहून काढा म्हणतात. तर घ्या, लिहितो. ज्यांना मॉस्कोचे घुमट आणि नदीकाठचे सूर्यास्त हवे असतील त्यांनी इथेच थांबावं. मी फिरायला गेलो नव्हतो. माझ्या नातीला वर्षभरासाठी नाशिकला आणायला गेलो होतो आणि तिला न घेता परत आलो.

मुक्ता माझी एकुलती एक. डॉक्टरकी शिकायला यारोस्लाव्हलला गेली आणि तिथलीच झाली. जावई तिकडचा, ओलेग. उत्तरेकडे तेलाच्या विहिरींवर कामाला. महिना तिकडे, महिना घरी. त्यांची पोलिना पाच वर्षांची. मुक्ताचं पुढचं शिक्षण सुरू झालं, दवाखान्यातल्या पाळ्या वाढल्या, आणि पोरीला दिवसभर सांभाळायला तिची रशियन आजी, व्हेरा. इकडे माझी बायको सुमन गेल्यापासून घरात तीन खोल्या आणि मी. मीच फोनवर विषय काढला की शाळा सुरू होण्याआधी वर्षभर पोलिनाला माझ्याकडे ठेव. मुक्ता म्हणाली, "बाबा, तुम्ही आधी इकडे येऊन राहा. ती तुमच्यापाशी रुळली तर घेऊन जा. पण तिला मराठी येत नाही आणि तुम्हाला रशियन."

निघण्याआधी

छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझं उभं आयुष्य गेलं. मला वाटलं, भाषा नाही तर नाही, अक्षरं तर शिकता येतील. अक्षरं आली की पोरीला गोष्टी वाचून दाखवता येतील, अर्थ ती बघून घेईल. श्रावणात सुरुवात केली. तेहतीस अक्षरं, त्यातली काही इंग्रजीसारखी दिसणारी आणि भलताच उच्चार असलेली. गणपतीत माझी ओळख पक्की झाली, दसऱ्याला मी मोबाइलवर कुठलीही रशियन पाटी घडाघडा वाचत होतो. अर्थ शून्य. पण अक्षर ओळखलं की शब्द आपला, अशी आपली मराठी माणसाची समजूत असते. क काढला की क वाचायचा, ओ काढला की ओ. फिरायला येणाऱ्या मंडळींना मी दोन-तीनदा वाचून दाखवलं आणि त्यांनी तोंडात बोटं घातली. मला लाज वाटते आता, पण तेव्हा छाती फुगली होती.

निफाडला धाकटा भाऊ द्राक्षाची बाग बघतो. निघायच्या आधी त्याच्याकडे गेलो तेव्हा ऑक्टोबरची छाटणी उरकली होती आणि काड्यांना बारके कोंब फुटले होते. भावजयीने मनुका बांधून दिल्या, पिठल्याचं पीठ दिलं, आणि वर लाल सुक्या मिरच्यांची पिशवी. भाऊ म्हणाला, "दादा, एवढी मिरची कशाला नेतो? तिकडं कोन खानार हाय?" मी म्हटलं, राहू दे, महिनाभर तोंडाला चव नको का. चिवडा मी नाशिकहून घेतलाच होता.

मॉस्को ते यारोस्लाव्हल

मुक्ता विमानतळावर आली होती. वाळली होती. गळ्यात पडली आणि लगेच माझ्या स्वेटरला नावं ठेवायला लागली, म्हणजे सुमनच.

पुढचा प्रवास आगगाडीचा. चहा काचेच्या पेल्यात येतो आणि पेला धातूच्या कडीत बसवलेला असतो, त्यामुळे हात भाजत नाही. एवढी एक गोष्ट मला त्या देशात पहिल्या झटक्यात आवडली. खिडकीबाहेर पानं झडलेली पांढरी झाडं, वर राखाडी आभाळ, तासन्‌तास तेच. निफाडला कोंब फुटत होते आणि इथे सगळं मिटत चाललं होतं. मी मुक्ताला खूश करायला स्टेशनांच्या पाट्या मोठ्याने वाचू लागलो. समोरच्या बाकावरच्या बाईने एकदा माझ्याकडे, एकदा पाटीकडे पाहिलं. मुक्ता आधी ओठ दाबून बसली, मग म्हणाली की बाबा, तुम्ही प्रत्येक अक्षर वाचताय.

मग काय वाचायचं?

तेव्हा तिने सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगतो, कारण माझ्या पायाखालची वाळू तिथेच सरकायला लागली. रशियन शब्दात एकाच ठिकाणी जोर असतो. त्या जागी ओ असेल तर तो ओ. जोर नसेल तिथे तोच ओ अर्धामुर्धा अ होतो. दुधाला लिहायचं मोलोको, तीन ओ मांडून, आणि म्हणायचं मलाको, शेवटचा तेवढा ओ खरा. शब्दाच्या शेवटी ग आला की त्याचा क होतो. 'त्याचा' या अर्थाच्या शब्दात ग लिहितात आणि व वाचतात. आणि ज्याला मी लग्नापासून 'ओलेग, ओलेग' म्हणून हाक मारतोय, त्या माझ्या जावयाचं नाव आहे अल्येक. इतकी वर्षं त्याने मला एकदाही सांगितलं नाही. का, तर मोठ्या माणसाला कसं सांगायचं म्हणून.

मी विचारलं, जोर कुठे आहे ते लिहिलेलं असतं का? म्हणाली, नाही. मग कळायचं कसं? म्हणाली, शब्द आधीपासून माहीत असावा लागतो. शब्द आधीपासून माहीत असेल तर वाचायचं कशाला, असं मी जरा तावातावानेच विचारलं. त्यावर ती हसून म्हणाली, "बाबा, 'जहाज'मधले दोन ज तुम्ही एकसारखे म्हणता का? 'चार' आणि 'चारा'? कुठे लिहिलंय ते?"

उभं आयुष्य त्या अक्षरांत गेलं आणि हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, कारण मला ते आईच्या मांडीवर मिळालं होतं. पोलिनाला तिचं तसंच मिळालं होतं, आणि मी बाहेरून चढायला निघालो होतो. इथेच माझा धीर सुटायला हवा होता. पण माणूस आशेवर असला की त्याला अक्कल नसते.

यारोस्लाव्हल

गावाचं नावही लिहितात तसं म्हणत नाहीत, ते जाऊ दे. मोठी नदी आहे, व्होल्गा. गोदेकाठी कसं, कोणी अंघोळ करतंय, कोणी भाजी धुतंय, कोणी नुसतंच पायऱ्यांवर शेंगा खात बसलंय. इथे नदीच्या कडेला लोखंडी कठडा आणि कठड्याला टेकून एकेकटी माणसं. पाण्याला कोणी हात लावत नाही.

घर चौथ्या मजल्यावर. आत शिरायला एकामागे एक अशी दोन दारं, दोन्हींना निराळी कुलपं. विहीणबाई अंगाने भक्कम, बोलायला कमी. त्यांना नुसतं नावाने हाक मारायची नाही, नावापुढे वडिलांचं नाव लावून म्हणायचं, हे मुक्ताने आधीच बजावलं होतं. मी ते नाव विमानात घोकलं होतं, तेही चुकीचंच. त्या आठवड्यात त्यांनी हिवाळ्याची तयारी म्हणून सगळ्या खिडक्यांच्या फटींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. आपल्याकडे दिवाळीला घर उघडून झटकतात, यांच्याकडे बंद करून चिकटवतात. घरात गरम होत होतं, पण मला सारखं वाटे की श्वास उसना घेतोय.

पोलिना पहिले दोन-तीन दिवस दाराच्या आडून बघत होती. डोळे सुमनचे. मनुकांनी तिला बाहेर काढलं. विहीणबाईंनीही मनुका पनीरासारख्या एका पदार्थात घालून तळलेल्या पोळ्या केल्या. त्या पदार्थाला त्वोरक म्हणायचं की त्वरोक, यावर सासू-सुनेतच एकमत नव्हतं, आणि दोन्ही बरोबर आहे म्हणे. मी हात टेकले.

मग मी पुस्तक काढलं. दूध शोधत गावभर हिंडणाऱ्या एका मांजरीची गोष्ट होती. मी खणखणीत आवाजात सुरुवात केली. पोलिनाच्या कपाळाला आठ्या. मी 'मोलोको' म्हटलं की ती 'मलाको' म्हणायची. आधी तिला वाटलं, आजोबा गंमत करतायत, ती खदखदून हसली. चौथ्या-पाचव्या वेळी तिच्या लक्षात आलं की याला खरंच येत नाही. तिने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, नीट मिटलं, आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावलं. मी चष्मा पुसत बसलो.

संध्याकाळी मुक्ताकडे मी त्या पुस्तकाच्या छपाईबद्दल कुरकुर केली. जागोजाग अक्षरांच्या डोक्यावर शाईचे तिरके डाग उडालेत, लहान मुलांच्या हातात असलं गचाळ काम कसं देतात. मुक्ता पोट धरून हसली. ते डाग नव्हते. त्या जोराच्या खुणा होत्या. लहान मुलांच्या पुस्तकातच तेवढ्या छापतात, पुढे मोठ्यांना त्या लागत नाहीत. माझ्यासारख्या मुद्रितशोधकाने नेमकी तीच गोष्ट मनातल्या मनात खोडून टाकली होती.

त्यानंतर मी जिद्दीला पेटलो. दुपारी विहीणबाई स्वयंपाकघरात बटाटे सोलायच्या आणि मी समोर बसून वाचायचो. चुकलं की त्या सुरीने टेबलावर टक् करायच्या. एकदा मी पुन्हा सगळे ओ भरघोस म्हटले आणि त्या एकदम हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मुक्ताने रात्री जेवताना सांगितलं की त्यांची आजी उत्तरेकडच्या खेड्यातली, तिकडची जुनी माणसं सगळे ओ असेच ठणठणीत म्हणायची. भारतातून आलेला माणूस आपल्या आजीसारखा बोलतोय, याचं त्यांना हसू आलं होतं. त्या दिवसापासून माझ्या ताटात सायीचा एक चमचा जास्त पडायला लागला.

आणि पोलिना परत आली. एक दिवस न बोलता माझ्या मांडीवर येऊन बसली आणि मांजरीच्या पानावर बोट ठेवलं. मी खुणा बघत हळूहळू वाचलं. तिने एकदाच दुरुस्त केलं. मुक्ताने तिला आजोबा म्हणायला शिकवलं होतं. ती पहिला आ गिळून 'अजोबा' म्हणायची, त्यांच्या पद्धतीने. मला तेवढा आ नकोच होता. त्या आठवड्यात मुक्ताने विमानाच्या तिकिटांची चौकशी केली आणि इंदिरानगरात घराजवळ बालवाडी कुठली चांगली, ते मला विचारलं. मी तिला सांगितलं की मागची खोली उघडून रंग देऊन घेतो. आयुष्यात इतका हलका मी फार कमी वेळा झालो असेन.

चुलीपाशी

एका रविवारी विहीणबाईंच्या मैत्रिणी चहाला आल्या. पोलिना माझ्या मांडीवर बसून एक ओळ वाचायची, एक मी. बायका भारावल्या. तिचे केस काय, डोळे काय, गाल काय, सगळ्यांनी पोरीला कुरवाळून घेतलं. दुसऱ्या दिवशी पोलिना उठली ती किरकिरतच. दूध नको, खायला नको, मांडीवरही नको. मुक्ता पोरीच्या कपाळाला हात लावून बघून दवाखान्यात निघून गेली. म्हणाली, काही नाही, जरा कणकण आहे.

माझ्या डोक्यात दुसरंच. पोरीला दृष्ट लागली. मी काही फार देवभोळा नाही, पण मुक्ता लहान असताना कोणी पाहुणे येऊन गेले की सुमन तिची दृष्ट काढायची आणि पोर तासाभरात खेळायला लागायची, हे मी पाहिलंय. म्हणजे बाहेरच्या खोलीतून, मुद्रितं तपासता तपासता पाहिलंय. आता सुमन नाही तर आजीच्या वाटचं मीच करायला हवं, असं मला अगदी मनापासून वाटलं. विहीणबाई बाजारात गेल्या तेव्हा मी पोलिनाला स्वयंपाकघरात नेलं. मुठीत मीठ, मोहरी आणि निफाडच्या मिरच्या घेतल्या, तिच्यावरून ओवाळल्या, आल्यागेल्याची, घरच्यादारच्याची, एवढंच आठवलं ते म्हटलं. तिला खेळ वाटला, ती गोल फिरायला लागली. मग मी मूठ तव्यावर टाकली.

तवा जाडजूड, तापेना. ठसका काही येईना. आणि मला सुमनचं बोलणं आठवलं, मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे दृष्ट मोठी. मी आणखी मूठभर टाकल्या. वर आणखी मूठभर. तोच तवा एकदम तापला आणि खोली मिरचीच्या धुराने भरली.

आमच्या घरात ओट्यावर खिडकी असते आणि ती कायम उघडी असते. सुमनचा धूर त्या खिडकीतून जायचा. हे मला तोवर कधी कळलंच नव्हतं. इथे पट्ट्या चिकटवलेल्या. मी नखांनी कागद ओरबाडत होतो आणि मागे पोलिना खोकत होती, मग खोकायचीही थांबली आणि नुसती छाती वर-खाली व्हायला लागली. ओठ निळे पडले. तिला उचलून मी दाराकडे धावलो, एक दार उघडलं, दुसऱ्याचं कुलूप मला उघडता येईना. मी त्या दारावर लाथा मारल्या आणि मदतीसाठीचा जो शब्द पाठ केला होता तो ओरडलो, सगळे ओ लावून. समोरच्या घरातली बाई धावत आली. तिच्याकडे आमची किल्ली होती. ती माझ्या शब्दाने नाही, धुराच्या वासाने आली होती.

दवाखान्यात

पोलिनाला ऑक्सिजन लावला. मुक्ता पांढऱ्या कोटातच दुसऱ्या दवाखान्यातून पळत आली. माझ्याकडे न बघता आत गेली. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन शेजारी बसली. पोलिनाच्या छातीचा हा त्रास जुना होता. मला फोनवर नुसतं 'खोकला असतो' एवढंच सांगितलं होतं, मी घाबरेन म्हणून. मी म्हटलं, सुमन नेहमी करायची. मुक्ता म्हणाली, "आई दोन मिरच्या घ्यायची, बाबा."

पोर वाचली. चार-पाच दिवसांनी घरी आली. विहीणबाई माझ्यावर एका शब्दानेही ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी एकदा मला जवळ बोलावून पोलिनाच्या फ्रॉकची आतली शिवण उलटून दाखवली. आतून एक सेफ्टी पिन लावलेली होती. मी मुक्ताकडे बघितलं. मुक्ता म्हणाली, "दृष्ट लागू नये म्हणून. जन्मल्यापासून लावतात त्या. रोज." म्हणजे पोरीचं सगळं आधीच नीट केलेलं होतं, माझी कुणाला गरजच नव्हती.

मी स्वयंपाकघरात शिरलो की पोलिना तिथून नाक दाबून पळायची. पुस्तक घेऊन बसलो तर आजीच्या पाठीमागे जायची. मी तरी रोज वाचत बसायचो, उगाच, भिंतीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आता मला मांजरीची अख्खी गोष्ट खुणांशिवाय बिनचूक येत होती. एका दुपारी मुक्ता माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "बाबा, ती इथेच राहील." मी म्हटलं, बरोबर आहे. तिने तिकिटांचं आणि बालवाडीचं नावही काढलं नाही, मीही काढलं नाही.

निघताना

आपण प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही ठेवतो. त्यांच्याकडे सामान दाराशी आणून ठेवलं की घरातले सगळे, जाणारे आणि राहणारे, जिथे असतील तिथे क्षणभर गप्प बसतात आणि मगच उठतात. ओलेग, म्हणजे अल्येक, कामावरच होता. विहीणबाई चपलांच्या बाकावर बसल्या, मी माझ्या बॅगेवर, मुक्ता स्टुलावर. पोलिना मुक्ताला चिकटून. मी पोरीकडे बघून घेत होतो, पुन्हा केव्हा दिसेल याचा भरवसा नाही म्हणून.

तेवढ्यात तिने मुक्ताची बाही ओढली आणि हळूच काहीतरी विचारलं. मुक्ता माझ्याकडे वळून म्हणाली, "विचारतेय, आजोबा परत कधी येणार."

पोलिना तसं म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, आई, हा द्याद्या आता जाणार ना? द्याद्या म्हणजे कोणीही पुरुष, बसमधला, दुकानातला, ज्याची ओळख नाही असा. मुक्ताच्या मदतीशिवाय, नुसत्या कानांनी, मला पुरतं समजलेलं रशियन वाक्य ते पहिलंच.

मी मुक्ताला म्हटलं, सांग तिला, लवकरच येतो.

मुक्ताने पोलिनाकडे वाकून एकच शब्द सांगितला, "दा." दा म्हणजे हो.